पिंजऱ्याने बिबटे कमी होत नाहीत

शिवारात दिसलेला बिबट्या पिंजरा लावून पकडला आणि दूरच्या जंगलात नेऊन सोडला की त्या भागातील बिबट्यांची संख्या घटते, ही समजूत पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक जिल्ह्यांच्या ऊसपट्ट्यात इतकी रुजली आहे की तिला पुरावा मागावा असेही कोणाला वाटत नाही. माणसे दगावत असताना ग्रामस्थांचा संताप रास्तच आहे. परंतु उपायामागील गणित चुकले तर त्याची किंमतही त्याच ग्रामस्थांना मोजावी लागते.

एका प्रदेशात एकाच काळी राहणाऱ्या, एकाच जातीच्या प्राण्यांच्या समूहाला समष्टी म्हणतात आणि तिची संख्या जन्म, मृत्यू, आगमन व निर्गमन या चार गोष्टींवर ठरते. पिंजरा यांपैकी फक्त निर्गमन वाढवतो. प्रौढ बिबट्या आपली हद्द राखून असतो. तो हटवला की आईपासून वेगळे झालेले, जागेच्या शोधात भटकणारे तरुण बिबटे त्या हद्दीत शिरतात, म्हणजे आगमन वाढते. एखादा प्रदेश दीर्घकाळ जितके प्राणी पोसू शकतो, ती त्याची धारणक्षमता होय. मोकाट कुत्री, उघड्यावरचा कचरा आणि उसाचा आडोसा कायम असेल, तर ती पिंजऱ्याने तसूभरही घटत नाही.

शंका असल्यास जुन्नरची नोंद पाहावी. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी ‘कॉन्झर्व्हेशन बायॉलॉजी’ या नियतकालिकात २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, तेथून शंभराहून अधिक बिबटे पकडून सरासरी ३९.५ किलोमीटरवरील जंगलांत सोडण्याची मोहीम सुरू झाल्यानंतर माणसांवरील हल्ले कमी होण्याऐवजी ३२५ टक्क्यांनी वाढले आणि त्यांतील प्राणघातक हल्ल्यांचे प्रमाण दुप्पट होऊन ३६ टक्क्यांवर गेले. हा पुरावा उपलब्ध असताना प्रत्येक घटनेनंतर पुन्हा तीच मागणी व्हावी, हे खेदजनक आहे.

‘बिबट्या दिसला, म्हणजे बिबटे वाढले’ हा निष्कर्षही तितकाच घाईचा आहे. ऊसतोडीच्या हंगामात आडोसा नाहीसा झाला की तेवढेच बिबटे अधिक वेळा दिसतात. वाढ झाली असेलही, पण ती दिसण्यावरून नव्हे, तर स्वयंचलित कॅमेऱ्यांनी ठिपक्यांवरून एकेक प्राणी ओळखून काढलेल्या घनतेवरूनच सिद्ध होते. अकोले तालुक्यातील अशा गणनेत, जेथे दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहतात, तेथे १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे ४.८ प्रौढ बिबटे आढळले. म्हणजे शेतीच्या प्रदेशातील प्रत्येक बिबट्या ‘जंगलातून भरकटलेला’ नसतो.

इतर काही समजुतींचा निकाल थोडक्यात लागतो. निसर्गात प्राण्यांची संख्या नेहमी स्थिर राहते, हे खरे नाही. कॅनडातील ससे आणि त्यांची शिकार करणारी लिंक्स ही रानमांजरे यांची संख्या सुमारे दहा वर्षांच्या चक्राने चढते-उतरते. अधिक पिल्ले झाली म्हणजे समष्टी वाढलीच असे नाही, कारण त्यांतील किती जगतात हेही मोजावे लागते. लेमिंग हे उंदरासारखे प्राणी सामूहिक आत्महत्या करत नाहीत; १९५८ सालच्या ‘व्हाइट विल्डरनेस’ या चित्रपटातील ते दृश्य मुद्दाम घडवून चित्रित केलेले होते.

माणसांवर हल्ले करणारा विशिष्ट बिबट्या हटवणे अपरिहार्य ठरू शकते. पण तो सुरक्षेचा निर्णय झाला, संख्यानियंत्रणाचा नव्हे. संख्येवर परिणाम हवा असेल, तर रात्री पक्के बंद होणारे गोठे, कचऱ्याची विल्हेवाट आणि मोकाट कुत्र्यांचे नियंत्रण यांवर पैसा आणि श्रम खर्च व्हायला हवेत, कारण धारणक्षमता तेथेच ठरते.