कंत्राट मिळाले, पुढे काय?

अमेरिकेच्या संघराज्य सरकारचे कंत्राट मिळवणे म्हणजे सर्वांत कमी दर भरणे, हा समज अपुरा आहे. ‘सॅम’ या सरकारी संकेतस्थळावरील नोंदणी मोफत असते आणि कंत्राटांच्या रकमेपैकी किमान 23 टक्के लहान उद्योगांना मिळावी, असे कायद्यानेच ठरवलेले उद्दिष्ट आहे. दार उघडे आहे. टिकण्यासाठी मात्र कामाची नोंद लागते. मोठ्या कंत्राटांत दर्जा, वेळापत्रक, खर्च यांवर अधिकारी ‘उत्कृष्ट’ ते ‘असमाधानकारक’ असा पाच पायऱ्यांचा शेरा लिहितात आणि पुढच्या निविदेच्या वेळी तो वाचला जातो. म्हणून दर पाडून काम घेणे आणि मग रेंगाळणे हा दुहेरी तोटा ठरतो.

मग नवख्याने काय करावे, हा आक्षेप रास्त आहे. पण पूर्वानुभवाची नोंद नसेल, तर त्या निकषावर अनुकूल वा प्रतिकूल असा कोणताच शेरा देता येत नाही, असे कायदा सांगतो. शिवाय वाटाघाटीच्या निविदेत हरलेली कंपनी, निकाल कळल्यापासून तीन दिवसांत लेखी मागणी करून, आपण कुठे कमी पडलो हे जाणून घेऊ शकते. हा हक्क प्रत्येक वेळी वापरावा. पुढच्या निविदेची खरी तयारी तिथूनच होते.