आधी पाणी, मग दिवे

किल्ला बांधण्यापूर्वी पाणी पाहावे. नसेल तर पुढच्या पर्जन्यकाळापर्यंत पुरतील अशी तळी-टाकी बांधावीत, असे रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त सांगितले आहे. कोकणात ‘पर्यावरणस्नेही’ पर्यटक-निवास काढणाऱ्याने हा भाग अवश्य वाचावा. (इतिहासाच्या तासाला तो आम्ही केवळ परीक्षेपुरता वाचला!)

समजा, पाहुणे आणि नोकर मिळून 25 माणसे आहेत. छप्पर 500 चौरस मीटर. कोकणात वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो. गळती वगळली तरी या छपरावरून 12 लाख लिटर पाणी मिळेल. माणशी रोज 135 लिटर धरले, तर पावसाविना जाणाऱ्या 240 दिवसांना 8 लाख 10 हजार लिटर पाणी लागेल. म्हणजे पाऊस कमी नाही; साठवण कमी पडते! एवढी टाकी म्हणजे 18 मीटर लांब, 15 मीटर रुंद आणि 3 मीटर खोल हौद. तो खर्च टाळण्यासाठी मालक बोअर मारतो. जांभ्या दगडात मुरलेले पाणी लवकर वाहून जाते. त्यात भर उन्हाळ्यात वरून असा उपसा झाला, की खालच्या वाडीतली विहीर आटते आणि तिथल्या बायकांची पायपीट वाढते.

म्हणून आधी गरज कमी करावी. स्नानाचे पाणी वाळू-खडीतून, कर्दळीच्या वाफ्यातून गाळून संडासाला वापरले, तर माणशी 45 लिटर वाचतात आणि हौद 5 लाख 40 हजार लिटरांवर येतो.

विजेचे गणित त्या मानाने सोपे. मे महिन्यात पाहुणे पुष्कळ आणि ऊनही पुष्कळ. एक किलोवॅटचे सौर पॅनेल दिवसाला सुमारे 4 युनिट वीज देते. रोजचे पाणी 10 मीटर उंच चढवायला पाव युनिटही लागत नाही. ते दिवसाच चढवावे, म्हणजे त्यासाठी बॅटरी नको. परंतु एका खोलीतले वातानुकूलन यंत्र रात्रभरात 8 युनिट सहज खाते, तेही सूर्य नसताना. दहा खोल्यांसाठी 20 किलोवॅटची पॅनेले, शिवाय मोठ्या बॅटऱ्या लागतील. त्याऐवजी जांभ्याच्या जाड भिंती, उंच कौलारू छप्पर, समोरासमोर खिडक्या आणि एक पंखा एवढ्यावर भागवता येईल का, हे नकाशा काढतानाच ठरवावे लागते.