गाडीला किती चाव्या ठाऊक आहेत?

जुनी मोटार घ्यायला निघालेला सोलापूरकर टायर दाबून बघतो, ऑइलची कांडी पुसून पुन्हा बुडवतो, एसीच्या जाळीपुढं हात धरतो, विम्याची तारीख विचारतो. पासिंग एमएच १३ असेल तर निम्मा सौदा तिथंच होतो. दुसऱ्या चावीची आठवण येते ती पैसे देऊन झाल्यावर. समोरून उत्तर ठरलेलं असतं, "आहे की घरात. सापडली की देतो." मी घेतलेल्या गाडीची सापडली नाही. तक्रार करण्यासारखं फारसं वाटलंही नाही, एक चावी होतीच की हातात. पण गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते, एकच असेल तर दुसरीचं काय झालं ते लेखी सांगावं लागतं, असं एका एजंटानं ऐकवलं, तेव्हा हलावं लागलं.

रस्ते दोन. एक शोरूमचा. तिथं आरसी आणि ओळखपत्र द्यायचं, चॅसी नंबरावरून किंवा चावीच्या नंबरावरून कंपनीकडं मागणी जाते, चावी आली की प्रोग्रॅमिंगसाठी गाडी घेऊन जायचं. नव्या गाडीबरोबर चाव्यांच्या जुडग्यात अनेकदा नंबर कोरलेली धातूची छोटी पट्टी असते. ती जपून ठेवावी असं कुणी सांगत नाही, आणि गाडीचे हात बदलले की चावीआधी हरवते ती पट्टीच. दुसरा रस्ता चावीवाल्याचा. मी तो धरला, कारण तिथं काम डोळ्यांसमोर होतं.

नवी पेठेच्या बाजूला एका गाळ्यात बाप-लेक बसतात. भिंतीवर खिळ्यांच्या ओळी, प्रत्येक खिळ्याला एकाच जातीच्या कोऱ्या चाव्यांचा घोस. स्कूटरच्या, कपाटाच्या, ट्रकच्या, आणि वरच्या रांगेत काळ्या डोक्याच्या मोटारीच्या. वडिलांना सगळे चाचा म्हणतात. ते मुलाशी दखनीत बोलतात, माझ्याशी मराठीत, आणि अक्कलकोटकडचं गिऱ्हाईक आलं की कन्नडमध्ये भाव सांगतात. गाळ्याची वाटणी सरळ आहे. कानस चाचांकडं, लॅपटॉप आणि स्कॅनर मुलाकडं.

मी पोचलो तेव्हा चाचांपुढं स्टीलच्या कपाटाचं काढून आणलेलं कुलूप होतं. चावी नव्हती, नमुना नव्हता. त्यांनी एक कोरी चावी मेणबत्तीवर फिरवून काळी केली, कुलपात घातली आणि जोर देऊन डावीकडं-उजवीकडं जराशी हलवली. बाहेर काढून उजेडात तिरपी धरली. काजळीत दोन जागी बारीक रेघ चकाकत होती. आत जी पत्ती अजून अडते, ती तिथं घासली होती. त्या दोन जागी कानशीचे मोजके हात, पुन्हा काजळी, पुन्हा कुलूप. आता एकच रेघ. "डाग पडतोय तिथंच घासायचं," चाचा म्हणाले. "डाग थांबला की हात थांबवायचा. एक हात जास्ती झाला की चावी गेली." शेवटच्या वेळी चावी बाहेर काढलीच नाही, फिरवली. कुलपाच्या आत काय आहे ते त्यांनी पाहिलं नव्हतं. कुलपानंच एकेक करून सांगितलं होतं.

माझं काम मुलाचं होतं. त्यानं आधी आरसी मागितली, मग ड्रायव्हिंग लायसन्स, दोन्हींवरचं नाव ताडून पाहिलं, झेरॉक्स घेतल्या, वहीत गाडीचा नंबर लिहिला आणि सही घेतली. मग चावी हातात घेऊन नखानं तिच्या दातांवरून फिरवून म्हणाला, "लई झिजलीय ओ सर."

नक्कल करण्याचं यंत्र साधं असतं. दोन पकडी शेजारी शेजारी, एकीत जुनी चावी, दुसरीत कोरी. जुनीच्या दातांवरून एक बोथट टोक सरकतं आणि तेवढ्याच चढउतारानं शेजारचं गोल कटर कोरीला कापतं. पण हे टोक इमानी असतं. झिजेचीही ते नक्कल करतं. म्हणून झिजलेल्या चावीवरून केलेली चावी सुरुवातीपासून म्हातारी असते, आणि तिच्यावरून तिसरी केली तर ती दारात अडकायला लागते. मुलानं व्हर्निअर काढला. प्रत्येक दाताच्या जागी खोली मोजली आणि कागदावर आकडे लिहीत गेला. मोटारीच्या चावीत खोली मनाला येईल तशी नसते. ठरावीक अंतरावर ठरावीक जागा असतात आणि प्रत्येक जागी मोजक्या पायऱ्यांपैकीच एक पायरी. मधलं माप आलं की तो झिजेचा अंदाज घेऊन वरची पायरी धरायचा. जेकार्ड मागावर पुठ्ठ्याच्या पट्टीतली भोकं जशी कोणता धागा उचलायचा ते सांगतात, तसे हे दात कुलपातली कोणती पत्ती किती सरकवायची ते सांगतात. सोलापूरच्या माणसाला एवढ्यावर चावी कळते. सगळ्या पत्त्या नळीच्या कडेला एका रेषेत आल्या की नळी फिरते, एक जरी वर राहिली की नाही.

आकड्यांवरून कापलेली चावी यंत्रातून निघाली तेव्हा पितळेचा सोनेरी भुसा तिच्या खाचांत भरला होता. त्यानं ब्रशनं तो झाडला, कडा कानशीनं मोडल्या आणि आम्ही गाडीकडं गेलो. नव्या चावीनं दार उघडलं. मूळ चावीपेक्षा मऊ उघडलं. इग्निशनमध्येही ती फिरली, डॅशबोर्ड उजळला. त्यानं सेल्फ मारला. सेल्फ फिरत राहिला, इंजिन धरेना. डॅशबोर्डवर चावीचं लहान चित्र लुकलुकत होतं.

"आता बघा," तो म्हणाला. नवी चावी तशीच आत ठेवली, आणि माझ्या मूळ चावीचं नुसतं काळं डोकं इग्निशनच्या तोंडाशी टेकवून धरलं. पुन्हा सेल्फ. गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली.

एक चावी म्हणून आपण जी खिशात घालतो त्या दोन असतात, हे याहून चांगलं कुणी समजावू शकलं नसतं. पितळेची चावी कुलपाशी बोलते. डोक्यातली चिप गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलते. या चिपला सेल लागत नाही. इग्निशनच्या तोंडाभोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं बसवलेलं असतं. चावी फिरवली की ते बहुतेक गाड्यांत १२५ किलोहर्ट्झच्या लहरी सोडतं आणि त्या लहरींवरच चिप जागी होते. तिची पोच काही सेंटीमीटरांची. जुन्या चिपा आपला ठरलेला आकडा सांगून मोकळ्या होत. नंतरच्या चिपांना गाडी दर वेळी नवा आकडा विचारते, आणि चिप आपल्याजवळच्या गुप्त आकड्यानं त्याचं उत्तर तयार करून पाठवते. उत्तर जुळलं तरच पेट्रोल आणि ठिणगी. दार उघडणारं रिमोटचं बटण ही तिसरी गोष्ट. त्याला सेल लागतो, बहुधा सीआर २०३२. त्या नावातच त्याचं माप आहे, रुंदी २० मिलिमीटर, जाडी ३.२. तो सेल संपला म्हणून चावी मेली असं समजून लोक गाळ्यावर येतात. चिप जिवंतच असते. पात्याची चावी असेल तर दार हातानं उघडावं आणि गाडी चालू करावी.

तारा जोडून गाडी पळवण्याचा सिनेमातला प्रकार बंद पडला तो या चिपेमुळं. युरोपात १९९८ पासून नव्या मोटारींना ही यंत्रणा सक्तीची झाली, आणि आपल्याकडंही हळूहळू लहान गाड्यांपर्यंत पोचली. मात्र अभेद्य ती कधीच नव्हती. २००५ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी एक गाजलेली चिप फोडून दाखवली, २०१२ मध्ये युरोपातल्या संशोधकांनी हायटॅग-२ फोडली. मेगामॉस नावाच्या चिपेवरचा त्यांचा निबंध तर फोक्सवॅगननं २०१३ मध्ये लंडनच्या कोर्टातून अडवला. तो छापून यायला २०१५ उजाडलं. चिपेची नक्कल करणारी यंत्रं आज गल्लीतल्या गाळ्यात आहेत, त्याच्या मुळाशी असल्या उचापती आहेत.

मुलानं मला विचारलं, "क्लोन करू का प्रोग्रॅम?" वरवर फरक काहीच नाही, गाडी दोन्हींनी चालू होते. क्लोन म्हणजे जुन्या चिपेची ओळख जशीच्या तशी कोऱ्या चिपेत उतरवायची. गाडीला पत्ता लागत नाही, तिच्या लेखी चावी एकच राहते. काम झटपट आणि स्वस्त. प्रोग्रॅम करायचं म्हणजे नव्या चिपेला तिची स्वतःची ओळख ठेवून ती गाडीच्या यादीत चढवायची. मी प्रोग्रॅम म्हणालो, आणि त्यामुळं जे कळलं ते क्लोनमध्ये कधीच कळलं नसतं.

त्यानं आधी बॅटरीला चार्जर लावला. मधेच व्होल्टेज पडलं तर गाडीचा कॉम्प्युटर अर्धवट लिहिलेल्या अवस्थेत अडकतो, म्हणून. एसी बंद, लाइट बंद, आणि बाहेर सोलापूरचं ऊन. स्टीअरिंगच्या खाली गुडघ्याजवळ एक सॉकेट असतं, मेकॅनिक स्कॅनर लावतात तेच. त्यात केबल खोचली. टॅब्लेटवर गाडीची जात निवडली, गाडीच्या कॉम्प्युटरचा पिन कोड टाकला, आणि स्क्रीनवर एक ओळ आली. नोंदलेल्या चाव्या: २.

माझ्या हातात एक होती. नव्या चावीची नोंद अजून व्हायची होती.

"दुसरी कुणाकडंय?" त्यानं विचारलं. मला कुठं माहीत! विकणाऱ्याच्या कपाटात असेल, त्याच्या आधीच्या मालकाच्या ड्रॉवरमध्ये असेल, एखाद्या ड्रायव्हरच्या जुन्या पँटीत असेल. ती जिथं असेल तिथून येऊन माझी गाडी चालू करून घेऊन जाऊ शकत होती, आणि गाडीनं तिला हटकलंही नसतं. आरटीओत नमुना २९ आणि ३० भरून, फी भरून गाडी माझ्या नावावर झाली होती. गाडीला मात्र हे कुणी कळवलंच नव्हतं.

त्यानं स्क्रीनवर सगळ्या चाव्या पुसण्याचा पर्याय निवडला. क्षणभर माझी मूळ चावीसुद्धा परकी झाली. तिनं सेल्फ मारला तरी चावीचं चित्र लुकलुकत राहिलं. मग ती इग्निशनमध्ये घालून चालू-बंद केली, नोंदली. नवी घालून चालू-बंद केली, नोंदली. पुन्हा यादी वाचली. नोंदलेल्या चाव्या: २. आकडा तोच, पण आता दोन्ही माझ्या हातात. कुठंतरी पडलेल्या त्या तिसरीनं अजूनही दार उघडेल, कारण पितळेचे दात पुसता येत नाहीत. इंजिन मात्र धरणार नाही. दारासाठी कुलपाचा सेटच बदलावा लागतो, आणि तो खर्च मी केला नाही.

हे सगळं सोपं झालं ते एक चावी हातात होती म्हणून. एकही नसेल तर चावीवाल्याला आधी कुलपावरून दात शोधावे लागतात, म्हणजे चाचांची काजळी आणि कानस. पिन कोडही मिळाला नाही तर डॅशबोर्डखालचा कॉम्प्युटर काढून, उघडून, त्याच्या स्मृतीच्या चिपेतून माहिती वाचावी लागते. पैसे कितीतरी पटीनं वाढतात, आणि गाडी तोवर जिथं आहे तिथं उभी. दुसरी चावी पहिली असतानाच करावी, या साध्या गोष्टीची किंमत तेव्हा कळते.

मी बसलो होतो तेवढ्या वेळात एक पोरगा मोबाइलवर चावीचा फोटो घेऊन आला. "मित्राची गाडीय, हीच बनवून द्या." फोटोवरून दातांच्या पायऱ्या वाचता येतात, मुलानं आत्ताच माझ्यासमोर व्हर्निअरनं जे केलं ते डोळ्यांनीही जमतं. त्यानं मोबाइलकडं पाहिलंसुद्धा नाही. "गाडी आण, आरसी आण, मित्राला आण." पोरगा गेला. चाचा कानस पुसत म्हणाले, "चावी करणं काय, यंत्र पण करतंय. कुणाला करून द्यायची नाही ते यंत्राला कळत नाही."

त्यांच्या धंद्याची खरी ताकद तिथं आहे, असं मला वाटतं. कुलूप दातांवर विश्वास ठेवतं, कॉम्प्युटर चिपेवर, आणि दोघंही चावी धरणाऱ्या माणसाला ओळखत नाहीत. माणूस ओळखण्याचं काम अजून त्या वहीत, झेरॉक्सच्या गठ्ठ्यात आणि चाचांच्या नजरेत चालतं. बटणावर चालू होणाऱ्या गाड्यांत तर पातं चावीच्या पोटात अडीअडचणीपुरतं लपवलेलं असतं, आणि घरात ठेवलेल्या चावीचा सिग्नल दोन यंत्रांनी लांबवून दारातली गाडी पळवणारे चोर परदेशात निघाले आहेत. तंत्र बदललं तरी प्रश्न तोच राहतो, की ही चावी ज्याच्या हातात आहे तो कोण.

तेव्हा जुनी गाडी घेताना दुसरी चावी मागाच, मिळाली तर उत्तम. पण तेवढ्यावर थांबू नका. कुणा विश्वासाच्या माणसाकडून गाडीची यादी वाचून घ्या, सगळ्या चाव्या पुसून आपल्याच तेवढ्या नोंदवा, आणि मूळ चावी हरवली असेल तर पोलिसांत गहाळची नोंद करून ती विम्याच्या कागदांत लावा. आरसीवर नाव बदललं म्हणजे गाडी कागदावर आपली होते. गाडीच्या डोक्यातला मालक बदलायला कुठलाच नमुना नाही, तो आपण मागितल्याशिवाय कुणी बदलून देत नाही.