आधी धुराडे, मग फरशी

पैनगंगेच्या अलीकडे, तेलंगणाच्या अगदी उत्तर कडेला बेला हे गाव आहे. जिल्हा आदिलाबाद, राज्यकारभाराची भाषा तेलुगू. परंतु मंडलातील पुष्कळ घरांत चुलीपाशी बोलली जाते ती मराठीच. जमीन काळी, पीक प्रामुख्याने कापसाचे. शेवटची वेचणी आटोपली म्हणजे शेतातील पऱ्हाटी उपटून तिच्या मोळ्या बांधतात आणि त्या परसात रचून ठेवतात. कित्येक महिन्यांचे सरपण असे फुकट दारात येऊन पडते. या भागात स्वयंपाकघर नव्याने बांधण्याचा किंवा जुने सुधारण्याचा विचार करणाऱ्याने प्रथम या ढिगाकडे पाहिले पाहिजे. शहरातील दुकानांतून मिळणाऱ्या रंगीत चित्रांत चकचकीत कपाटे असतात, आरशासारखी फरशी असते. पऱ्हाटी कोठे ठेवायची आणि तिचा धूर कोठून बाहेर जायचा, हे मात्र त्यांत दाखविलेले नसते.

जुन्या स्वयंपाकघराची मांडणी अडाणीपणाची होती, असे समजण्याचे कारण नाही. भिंतीलगत मातीची चूल, तिच्या अंगाला वैल, जवळच फडताळ, कोपऱ्यात मडक्यांची उतरंड, मांजरापासून दूध राखणारे शिंके आणि दाराबाहेर मोरी, अशी ती रचना होती. चुलीतून वाया जाणारी ऊब वैलावर ठेवलेली डाळ शिजवीत असे. धूर वर चढे आणि कवेलूंच्या फटींतून हळूहळू बाहेर पडे. जाता जाता तो वाशांना लागणारी कीड आवरी आणि आढ्याला टांगलेल्या बियाण्याच्या कणसांचे किड्यांपासून रक्षण करी. गृहिणीच्या डोळ्यांना त्याचा त्रास होई, हे खरेच. तथापि त्या धुरास निदान वाट तरी होती.

ही वाट घर सुधारताना बंद झाली. कवेलू जाऊन वर सिमेंटची स्लॅब आली, भिंतींना गिलावा झाला, चोरांच्या भयाने खिडकी लहान केली गेली, आणि चूल मात्र होती तेथेच राहिली. घर पक्के झाले, गळती थांबली. पण धूर आता छताला आपटून पुन्हा खाली येऊ लागला. अशा पक्क्या घरातील चूल जुन्या कवेलूच्या घरातील चुलीपेक्षा अधिक घातक असते. घर बांधणाऱ्या पुरुषांच्या हे ध्यानात येत नाही, कारण भाकर होईपर्यंत ते ओसरीवर असतात.

या धुरात काय असते, हे थोडे समजून घेतले पाहिजे. लाकूड किंवा पऱ्हाटी अर्धवट जळते तेव्हा कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू आणि डोळ्यांना न दिसणारे अतिसूक्ष्म कण तयार होतात. मोठे कण नाकात अडकतात. हे सूक्ष्म कण फुप्फुसांच्या तळापर्यंत पोहोचतात. वर्षानुवर्षे चुलीपुढे बसणाऱ्या स्त्रियांना दम्यासारखा जुनाट श्वासरोग जडतो, मोतीबिंदू लवकर होण्याचा संभव वाढतो, आणि आईच्या कडेवर असलेल्या तान्ह्या मुलास न्यूमोनियाचा धोका पोहोचतो. घरातील अशा धुरामुळे 2020 या एका वर्षात जगात सुमारे 32 लक्ष माणसे दगावली व त्यांत पाच वर्षांखालील दोन लक्षांहून अधिक बालके होती, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. साथीच्या रोगाने एवढी माणसे गेली असती, तर गावोगाव दवंडी पिटली गेली असती.

या प्रश्नाकडे आपल्याकडे कोणी पाहिलेच नाही, असे नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत, जेथे 1934 मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम चाले, स्वातंत्र्याच्या सुमारास मगन चूल तयार झाली. मातीचीच चूल, परंतु जाळ एका तोंडातून दुसऱ्या तोंडाकडे नेणारी आणि शेवटी धुराड्यातून धूर बाहेर सोडणारी. बेल्याच्या लोकांस याहून जवळचे उदाहरण हैदराबादचे आहे. आदिलाबाद जिल्हा 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्याच राज्याच्या अभियांत्रिकी संशोधनशाळेत डॉ. एस. पी. राजू यांनी 1950 च्या दशकात बिनधुराच्या स्वयंपाकघराचा अभ्यास केला. धरणे आणि इमारती यांचे शास्त्र जाणणाऱ्या अभियंत्यांनी मातीच्या चुलीस हात घालावा, ही गोष्ट त्या काळी अपूर्वच म्हणावयाची. धूर, काजळी, उष्मा, जळणाची नासाडी आणि आगीचे भय या पाचांपासून गृहिणीची सुटका व्हावी, असे त्यांचे उद्दिष्ट होते. आजही स्वयंपाकघराचा आराखडा काढताना हीच पाच नावे कागदाच्या माथ्यावर लिहावीत.

पुढे 1980 च्या दशकात केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. 2002 मध्ये तो थांबला तोवर देशभर सुमारे साडेतीन कोटी चुली बसविल्या गेल्या होत्या. त्यांपैकी पुष्कळ थोड्याच वर्षांत मोडीत निघाल्या. कारणे साधी होती. चुलीचे तोंड आणि घरातील पातेल्याचा बूड यांचा मेळ बसत नसे. गवंडी घाईने काम उरकीत. धुराड्यात काजळी साचली की ते कोंडे, आणि ते झाडावे लागते हे घरच्या माणसांस कोणी सांगितलेलेच नसे. जी बाई ती चूल वापरणार, तिला तिच्या भांड्यांविषयी विचारण्याची तसदी फारशी कोणी घेतली नाही.

यानंतर गॅस आला. आंध्र प्रदेशात 1999 मध्ये दीपम योजनेखाली गरीब घरांतील स्त्रियांना गॅसजोडण्या मिळू लागल्या. आदिलाबाद तेव्हा त्याच राज्यात होते. 2016 मध्ये केंद्राची उज्ज्वला योजना निघाली. गॅसने धुराचा प्रश्न पुष्कळ अंशी सोडविला. कोणत्याही सुधारित चुलीपेक्षा गॅसची शेगडी आरोग्यास बरी, हे निर्विवाद आहे. परंतु शेतकऱ्याच्या घरातील चूल त्यामुळे विझली नाही. चहा, भाजी, मुलांचा डबा गॅसवर होतो. अंघोळीचे पाणी, गुरांचे आंबोण आणि पोळ्याच्या दिवशी मोठ्या पातेल्यात शिजणारे पुरण चुलीवर. ज्वारीची भाकर निखाऱ्यापाशी जशी फुगते तशी गॅसवर फुगत नाही, अशी कित्येकींची तक्रार असते. शिवाय सिलिंडर पैसे देऊन भरावा लागतो आणि पऱ्हाटी परसात पडलेली असते. हा हिशेब चुकीचा आहे, असे शहरात बसून म्हणणे सोपे आहे.

म्हणून येथील स्वयंपाकघर दोन अग्नींचे धरूनच आखले पाहिजे. घरात गॅसचा ओटा आणि मागील अंगणात, घराच्या भिंतीपासून थोडी सुटी, चुलीची छपरी, ही त्यातल्या त्यात शहाणपणाची रचना होय. दोन्ही एकाच खोलीत कधीही असू नयेत. गॅस हवेपेक्षा जड असतो. नळी सैल होऊन तो सुटला, तर वर न जाता जमिनीलगत पसरतो आणि पाण्याप्रमाणे सखल जागा शोधतो. अशा खोलीत चुलीतील एक निखारा पुरे होतो. वरची खिडकी येथे उपयोगी पडत नाही. भिंतीच्या पायथ्याशी, फरशीलगत जाळीचा झरोका ठेवावा लागतो. सिलिंडर उभा असावा, आणि शेगडी त्याच्याहून उंचावर असावी. तो ओट्याखाली बंद कपाटात कोंडून ठेवण्याची नवी आवड मात्र धोक्याची आहे. कपाट करावयाचेच असेल तर त्याच्या दारास खालून वरून भोके हवीत.

छपरीतील चूल तीन बाजूंनी उघडी राहिली तर धूर वाऱ्याने जातो. पावसाळ्यात मात्र दोन बाजू झाकाव्या लागतात, तेव्हा धुराड्यावाचून गत्यंतर नाही. धुराडे छपराच्या सर्वांत उंच भागाहून दोनेक फूट वर गेले पाहिजे, एरवी वारा धुरास उलट खाली ढकलतो. माथ्यावर पावसाची टोपी हवी. लाकडी वाशांतून नळी नेताना भोवती मोकळी जागा सोडून पत्र्याने ती झाकावी. ॲस्बेस्टॉसच्या नळ्या पूर्वी सर्रास वापरल्या जात. त्यांचे तंतू फुप्फुसांस अपायकारक असल्याने त्या टाळून पत्र्याची वा भाजलेल्या मातीची नळी घ्यावी. पऱ्हाटीही ओली जाळू नये. ओले जळण आधी स्वतःतील पाणी उकळविते, मग भाजी शिजविते. धूर होतो तो त्या पहिल्या कामात. मोळ्यांसाठी चुलीजवळ, पण ठिणगी पोहोचणार नाही इतक्या अंतरावर, जमिनीपासून हातभर उंच माच केला तर पावसाळाभर जळण कोरडे राहते व विंचवाचे भयही कमी होते. ज्यांच्या दावणीला चारपाच जनावरे आहेत त्यांनी गोबरगॅसचा विचार अवश्य करावा. रोज 50 किलोच्या आसपास शेण मिळाले तर दोन घनमीटरचे संयंत्र चालते आणि लहान कुटुंबाचा स्वयंपाक त्यावर निघतो.

आता ओट्याकडे वळावे. उभ्याने स्वयंपाक करण्याची चाल आपल्याकडे तशी अलीकडची आहे, आणि ओट्याची उंची गवंडी आपल्या सवयीने ठरवितो. वास्तविक ती घरातील बाईच्या कोपरावरून ठरली पाहिजे. कोपराच्या तीनचार इंच खाली ओट्याचा पृष्ठभाग यावा. पाच फूट उंचीच्या स्त्रीस तो साधारण 32 ते 33 इंच बसतो. शेगडीची स्वतःची उंची पाचसहा इंच असल्याने तेवढा भाग खाली घेतला तर उकळत्या पातेल्यात डोकावण्यासाठी टाचा उंचावाव्या लागत नाहीत. घरात भाकरी थापणारी सासू असेल आणि तिला बसूनच बरे वाटत असेल, तर तिच्यासाठी जमिनीवरची स्वच्छ, उजेडाची जागा राखून ठेवावी. सगळे काही उभ्यानेच झाले पाहिजे, असा दंडक नाही.

पावले वाचविण्याचे शास्त्र युरोपात विसाव्या शतकाच्या आरंभी रूढ झाले. जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहरात 1926 मध्ये मार्गारेटे श्यूट-लिहोट्स्की या स्त्री वास्तुशिल्पज्ञेने कामगारांच्या घरांसाठी सुमारे सव्वासहा फूट रुंद व सव्वाअकरा फूट लांब असे स्वयंपाकघर रचिले. आगगाडीच्या भोजनडब्यातील मुदपाकखान्याचा नमुना तिच्यापुढे होता. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे बांधली गेली, आणि आजच्या मॉड्युलर किचनचे मूळ तेथे आहे. गंमत अशी की, ते आखण्यापूर्वी आपण स्वतः कधी स्वयंपाक केला नव्हता, असे त्या बाईंनीच पुढे सांगितले. त्या घरांत राहावयास गेलेल्या बायकांची तक्रार होती की, तेथे दुसरे माणूस उभे राहू शकत नाही. बेल्याच्या घरात सणाच्या दिवशी तिघीचौघी एकत्र राबतात. लाटणारी, भाजणारी, वाटणारी आणि मध्येच लुडबूड करणारी मुले. त्यांना सव्वासहा फूट पुरणार नाहीत. पाणी, अग्नी आणि साठवण या तीन जागांना जोडणाऱ्या त्रिकोणाच्या बाजूंची बेरीज 12 फुटांहून कमी व 26 फुटांहून अधिक नसावी, हा अमेरिकेत 1940 च्या दशकात रूढ झालेला आडाखा मात्र येथेही लागू पडतो. काटकोनी ओटा घातला तर तो सहज साधतो आणि मध्ये बसावयास जागाही उरते.

काळ्या मातीविषयी एक इशारा दिलाच पाहिजे. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर नुसती फरशी बसविली तर दुसऱ्या वर्षी ती हलते, ओट्याला तडा जातो आणि त्या फटीत झुरळांची वसाहत होते. काळी माती काढून टाकून मुरमाची भर घालावी, ती पाणी मारून चांगली धुमसावी, आणि मगच फरशीस हात लावावा. मोरीचे पाणी भिंतीच्या मुळाशी मुरू न देता नालीने दूर परसबागेत न्यावे. हे खर्च डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून लोक ते टाळतात.

शहाबादी फरशी स्वस्त व मजबूत. ओट्यास काळा कडप्पाही चांगला. दोन्ही चुनखडीच्या जातीचे दगड असल्याने लिंबू आणि चिंच यांचे डाग मात्र त्यांवर पडतात. ऐपत असेल तर ओट्यापुरता ग्रॅनाइट घ्यावा. प्लायवुडच्या कपाटांचे प्रस्थ गावातही येऊन पोहोचले आहे. परंतु जेथे जमिनीत वाळवी आहे आणि पावसाळ्यात भिंतीस ओल धरते, तेथे ओट्याखाली कडप्प्याचे उभेआडवे कप्पे घालून पुढे जाळीची दारे लावलेली बरी. दिवाणखान्याशी जोडलेले उघडे स्वयंपाकघर हाही आजचा एक आवडता प्रकार आहे. वाफाळलेल्या, बेताच्या मसाल्याच्या अन्नास तो शोभतो. मिरचीचा ठेचा आणि लसणाची फोडणी ज्या घरी रोज होते, तेथे पाहुण्यांस ठसका लागेल.

पैसा एकदम हाती येत नसल्यामुळे काम टप्प्याटप्प्याने होते, आणि टप्प्यांचा क्रम येथे महत्त्वाचा. कापूस विकून आलेल्या पैशांतून पहिल्या उन्हाळ्यात छपरी, चूल, धुराडे आणि घरातील खालचा झरोका एवढेच उरकावे. दुसऱ्या वर्षी मुरमाची भर, नाली आणि ओटा. फरशी, कपाटे, रंग ही तिसऱ्या वर्षाची गोष्ट. वाळलेल्या मातीच्या चुलीस सारवण देऊन आठदहा दिवस सावलीत सुकू द्यावे, मग मंद जाळ घालावा; धुराड्याची टोपी मात्र मृगाच्या पहिल्या सरीपूर्वी बसली पाहिजे.