एकच काच उघडली आणि...

द्रुतगती मार्गावर गाडीने ८०चा वेग घेतला आणि मागच्या सीटवरच्या कुणी आपली एकच काच खाली केली, की 'भुप्-भुप्-भुप्' असे दणके सुरू होतात. कानाला दडे बसतात. पहिला संशय टायरवर जातो. तो बिचारा निर्दोष असतो.

रिकाम्या बाटलीच्या तोंडावर आडवी फुंकर मारली की ती घुमते. इथे बाटली म्हणजे गाडी, तोंड म्हणजे खिडकी. खिडकीच्या पुढच्या कडेवरून निसटलेल्या हवेत भोवरे तयार होतात. ते मागच्या कडेवर आदळले की दाबाचा धक्का आत शिरतो आणि आतली हवा स्प्रिंगसारखी दबते, उसळते. भोवऱ्यांची आणि या स्प्रिंगची लय जुळली, की दणके वाढतच जातात. एकोणिसाव्या शतकातले जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांच्या नावाने हा अनुनाद ओळखला जातो.

बाटली छोटी, म्हणून तिचा सूर ऐकू येतो. गाडीची पोकळी मोठी. तिची कंपनं सेकंदाला साधारण १५ ते २०, म्हणजे माणसाच्या श्रवणमर्यादेच्या अगदी काठावर. त्यामुळे ती ऐकू येण्यापेक्षा अंगावरच जास्त येतात.

उपाय फुकटचा आहे: दुसरी एखादी काच चार बोटं खाली करायची. सनरूफ उघडल्यावर पुढच्या कडेला उभी राहणारी पट्टीही भोवऱ्यांची हीच शिस्त मोडते.