गोंगाटाला चुकवणारा आवाज

गोंदिया जिल्हा 1999 मध्ये वेगळा झाला, तरी गोठणगावजवळची नोर्ग्येलिंग वसाहत तिबेटी लोकांत आजही ‘भंडारा’ म्हणूनच ओळखली जाते. 1972 पासून इथली निर्वासित कुटुंबे शेती करतात आणि हिवाळ्यात शहरोशहरी स्वेटर विकतात. अशा वसाहतींशी आणि सीमेपलीकडे राहिलेल्या त्यांच्या आप्तांशी एकाच वेळी बोलणारा एक रेडिओ आहे. या वसाहतीबद्दल वाचता वाचताच मी त्याच्या मागे लागलो.

हा रेडिओ म्हणजे ‘व्हॉइस ऑफ तिबेट’. तो 1996 मध्ये नॉर्वेतल्या संस्थांच्या मदतीने सुरू झाला. बातम्या धरमशालेत तयार होतात, तिबेटी आणि चिनी अशा दोन भाषांत. प्रक्षेपण मात्र ताजिकिस्तानातून, शॉर्टवेव्हवर. एवढा इतिहास पुरे. मला खिळवून ठेवले ते या रेडिओच्या लपंडावाने.

चीन हे प्रक्षेपण दाबतो. त्याच फ्रिक्वेन्सीवर जोरदार आवाज सोडायचा, की खालचे शब्द विरून जातात. कधी नुसती खरखर, कधी तासन् तास वाजणारे ढोल-झांजांचे चिनी संगीत. शॉर्टवेव्ह केंद्रे सहसा 0 किंवा 5 ने संपणारे आकडे धरतात. हा रेडिओ मुद्दाम अधलेमधले आकडे घेतो आणि कार्यक्रम चालू असतानाच काही किलोहर्ट्झ बाजूला सरकतो. दाबणाऱ्याला तो पुन्हा शोधावा लागतो, आपले यंत्र पुन्हा जुळवावे लागते. तेवढ्या फटीतून बातमी निसटते. ऐकणाराही काटा हलकेच फिरवत तिच्या मागे जातो. 1942 मध्ये मुंबईत उषा मेहता आणि त्यांचे सहकारी गुप्त काँग्रेस रेडिओ चालवताना सतत जागा बदलत होते. इथे जागेऐवजी आकडा बदलतो, जिद्द तीच. इतक्या साध्या युक्तीने इतक्या बलाढ्य यंत्रणेला दमवणाऱ्या या माणसांबद्दल मला निखळ आदर वाटतो.

पण युक्तीलाही वीज लागते आणि ट्रान्समीटरचे भाडे लागते. लहानशा संस्थेला देणग्यांवर ते भागवावे लागते. तिबेटी बातम्या देणारी मोठी केंद्रे, ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ आणि ‘रेडिओ फ्री एशिया’, अमेरिकी सरकारच्या पैशावर उभी होती. 2025 मध्ये तो पैसा आखडला आणि त्यांच्या तिबेटी सेवांना खीळ बसली. साहजिकच छोट्या केंद्रावरचा भार वाढला. शॉर्टवेव्ह संच विकत घेणारेही आता कमी. वसाहतींतली तरुण मुले शिक्षणासाठी, नोकरीसाठी बाहेर पडतात, काही परदेशी जातात. त्यांना बातमी मोबाइलवर हवी असते, म्हणून हा रेडिओ इंटरनेटवरही आला आहे.

मग शॉर्टवेव्ह बंदच का करू नये? कारण ल्हासातल्या माणसाने फोनवर काय उघडले, याची नोंद कुठेतरी राहते. शॉर्टवेव्हच्या लहरी पकडणाऱ्या संचाचा असा मागमूस राहत नाही. जोवर तिबेटमध्ये बातमी ऐकणे हा धोका आहे, तोवर ते ट्रान्समीटर चालूच राहिले पाहिजेत.