तिथी पाहून निघणारी लाँच

उरणच्या बाजारपेठेतील जुन्या दुकानांत गल्ल्याच्या वरच्या बाजूला पंचांग टांगलेले असे. अष्टमी-चतुर्दशीचे उपवास, पर्युषणाचे दिवस, वहीपूजनाचा मुहूर्त यांसाठी ते लागेच. पण त्याचा आणखी एक उपयोग होता. उद्या माल आणण्यासाठी मुंबईस जायचे, तर मोरा बंदरातून लाँच वेळेवर सुटेल का आणि संध्याकाळी ती धक्क्याला लागेल का, याचा निर्णयही त्याच पंचांगावरून होत असे.

हा हिशेब कोळीवाड्यातून पेढीवर आलेला. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळी व संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती, दुपारी बाराच्या आसपास ओहोटी. चतुर्दशीला साडेदहाला भरती, आणि पाणी पूर्ण ओसरणार ते दुपारी साडेचार-पाचच्या सुमारास. त्यातही पौर्णिमा-अमावास्येच्या जवळची ती ओहोटी सर्वांत खोल. मोरा येथील किनारा गाळाचा. पाणी उतरले की लाँच धक्क्याला लागत नसे. ती दूर उभी राहून भरतीची वाट पाही, आणि आतील प्रवासी समोर दिसणारे आपले गाव पाहत बसत. मुंबईहून परतण्याची वेळ नेमकी हीच असल्याने व्यापारी चतुर्दशीला शक्यतो प्रवास करीत नसत. उपवास आणि ओहोटी यांनी मिळून एकच दिवस घरी राहण्याचा ठरविला होता.

उरण हे मुळात बेटच. ब्रिटिश अमदानीत तो पनवेल तालुक्याचा पोटविभाग होता, परंतु त्याचा व्यवहार पनवेलपेक्षा मुंबईशी अधिक. १९७३ साली ठाणे खाडीवर वाशीचा पूल झाला, तोपर्यंत पनवेलहून मुंबईला गाडीने जायचे म्हणजे ठाण्याचा वळसा घालावा लागे. समुद्रमार्गे मात्र भाऊचा धक्का तासाभराच्या अंतरावर होता, आणि तेथून मशीद बंदरचा धान्य-मसाल्याचा बाजार हाकेवर. किराणा, तेल, गूळ, कापड, सारे काही पाण्यावरून येई. पहाटे मोरा बंदरापर्यंतचे दोन-तीन किलोमीटर कुणी पायी, कुणी टांग्याने गाठी. डब्यात दशमी, ठेपले, खाखरे. चौविहार पाळणाऱ्याला सूर्यास्ताच्या आत घरी पोहोचून पान वाढून घ्यावे लागे. लाँच गाळात अडकली की त्या रात्री उपाशी झोपणे आले. ‘आज समुद्राने उपवास घडविला,’ असे घरात हसून म्हटले जाई. पोरांना मात्र वडिलांनी आणलेल्या खाऊची चिंता अधिक!

लाँचमध्ये बाक निवडणे हीदेखील एक कला होती. मुंबईस निघालेल्या कोळणींच्या मासळीच्या टोपल्या एका बाजूला रचलेल्या असत; तेव्हा वारा कोणत्या दिशेने वाहतो हे पाहून शाकाहारी मंडळी आपली जागा धरीत. यात तुसडेपणा नव्हता. त्याच कोळणींची खाती दुकानाच्या वहीत असत, आणि मासळीला भाव चांगला मिळाला की परतीच्या लाँचमध्येच काही रक्कम हातावर ठेवली जाई. वहीतील ती नोंद दुसऱ्या दिवशी दुकानात होई; पाण्यावर शब्द पुरे.

पावसाळ्यात घरची वडील माणसे प्रवासाला सहसा रुकार देत नसत. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली. ही आठवण खाडीच्या दोन्ही काठांवरील घराघरांत होती. त्यामुळे आषाढापूर्वीच दोन-अडीच महिन्यांचा माल भरून ठेवण्याची घाई असे.

जमिनीवरचा आधार होता एसटीचा. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी धावली आणि पुढे हा लाल डबा गावोगावी पोहोचला. उरण-पनवेल मार्गावर दोन्ही बाजूंना मिठागरे. पावसाळ्यापूर्वी मिठाच्या राशी गवताने शाकारलेल्या दिसत. खिडकीतून रुमाल किंवा पिशवी टाकून जागा धरायची, कंडक्टरने पत्र्याच्या पेटीतून तिकीट काढून चिमट्याने टिकटिक करावे, आणि डबल बेल वाजली की गाडी हलायची. पनवेलला सोयरिकी असत. चातुर्मासात तेथे साधु-साध्वी असले की दर्शनास जाणाऱ्या स्त्रियांनी सकाळची गाडी भरून जाई. लेकीच्या घरचे लोणचे, औषधाची बाटली, लग्नाची पत्रिका हेही कंडक्टरच्या हाती दिले जाई आणि बिनचूक पोहोचे. नियमपुस्तकात हे बसत नसावे.

ही घडी एकदम मोडली नाही. मशीद बंदरचा घाऊक बाजार नवी मुंबईत हलला, तेव्हा किराणा दुकानदाराचे तोंड समुद्राकडून वाशीकडे वळले. जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांच्या १९८४च्या आंदोलनात पाच जणांचे प्राण गेले. २६ मे १९८९ रोजी न्हावाशेवाचे बंदर सुरू झाले. मिठागरांच्या जागी कंटेनरच्या राशी आल्या आणि त्यांच्या रांगांत एसटी तासन्‌तास अडकू लागली. पूर्वी ओहोटीची वेळ निदान आधी कळत असे, वाहतूक कोंडीची तिथी कोणत्याही पंचांगात नाही.

१२ जानेवारी २०२४ रोजी उरणला एकाच दिवशी दोन वाटा मिळाल्या: लोकल रेल्वे आणि शिवडीला जोडणारा सुमारे २२ किलोमीटरचा अटल सेतू. ज्यांच्याकडे मोटार आहे त्यांचे मुंबईचे अंतर मिनिटांवर आले. हे मोठे सुख आहे. आजारी माणसाला रात्री रुग्णालयात नेताना भरतीची वाट पाहावी लागलेल्या कुटुंबांना त्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. पण सेतूवर दुचाकी आणि रिक्षांना प्रवेश नाही, आणि सुरुवातीला मोटारीसाठी एका फेरीचा टोल २५० रुपये ठरला. दुकानातील नोकर, कोळीण, गोदीत काम करणारा तरुण यांच्यापैकी अनेकांसाठी दक्षिण मुंबईचा सोयीचा मार्ग अजूनही लाँचच आहे. तिचे प्रवासी मात्र घटत गेले, तर फेऱ्या किती दिवस परवडतील, हा प्रश्न मोरा बंदरावर बोलला जातो.

दुकानांच्या गल्ल्यावर आता पंचांगाऐवजी पैसे स्वीकारण्याचे यंत्र बोलते. गाळ मात्र पूर्वीसारखाच साचतो. चतुर्दशीच्या संध्याकाळी मोरा धक्क्याबाहेर सकाळी लावलेल्या स्कूटरींची रांग नेहमीपेक्षा उशिरापर्यंत तशीच उभी असते. समोर पाण्यावर लाँचचा एक दिवा, आणि भरती चढायला अजून थोडा अवकाश.